सेव्हन सिक्स म्हणजे थांब

किटच्या दर्शनपट्टीवर 'बी' हे अक्षर नेहमी धाकट्या वळणाचे उमटते आणि 'डी'ही तसेच. 'ए', 'सी', 'ई', 'एफ' मात्र थोरल्या थाटात ताठ उभे असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा बनवणाऱ्याचा आळस वाटावा. पण त्या लाल रेघांपाशी आपण जरा रेंगाळलो की उलगडा होतो. सातच रेघांच्या चौकटीत थोरला 'बी' काढू गेले तर त्याचा आठ होतो आणि थोरला 'डी' शून्यात विरून जातो, म्हणून या दोघांनी धाकटेपण पत्करले आहे. त्यातही धाकटा 'बी' आणि सहाचा आकडा यांच्यात अंतर उरते ते केवळ माथ्यावरच्या एका आडव्या रेघेचे. ती उजळली तर सहा, विझली तर 'बी', म्हणजे षोडशमानातले अकरा. शेजाऱ्याच्या जर्नलातून घाईघाईत उतरवून घेणाऱ्या किती विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम या एका रेघेपायी भरकटले असतील, त्याची गणती कोणी ठेवलेली नाही.

ज्या यंत्राचे हे मुखदर्शन, ते म्हणजे ८०८५ मायक्रोप्रोसेसरचे किट. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली सुरू झाले, लातूरला १९८३ साली बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले, दोन्ही शहरांतली शासकीय तंत्रनिकेतने होतीच. आणि त्या काळापासून पुढे दोन-अडीच दशके इलेक्ट्रॉनिक्सच्या मराठी मुलामुलींनी संगणकाला प्रथम हात लावला तो बहुधा या उघड्या हिरव्या पाटीवर. मुंबईची डायनालॉग, दिल्लीची विनायटिक्स, बेंगळुरूची इलेक्ट्रो सिस्टिम्स असोसिएट्स अशा कंपन्यांनी भारतीय प्रयोगशाळांसाठी ही किट घडवली. त्यांचे कूळ शोधत गेलो तर आपण सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या इंटेलच्या एसडीके-८५ या पाटीपर्यंत पोहोचतो: तीच चोवीस कळांची रचना, तेच सहा अंक, चार पत्त्याचे आणि दोन त्या पत्त्यावर राहणाऱ्या मजकुराचे. पत्ता आणि मजकूर एकाच ओळीत शेजारी शेजारी, मध्ये किंचित मोकळी जागा. इतक्या थोडक्यात इतके स्पष्ट सांगणारी दुसरी दर्शनपट्टी मी पाहिलेली नाही.

आता या यंत्राशी बोलून पाहू. पाच आणि तीन यांची बेरीज करायची आहे. जर्नलात तीन रकाने आखलेले असतात: पत्ता, ऑपकोड, आणि त्यापुढे माणसांना कळेल असे नेमोनिक. दोघांत एक किट असल्यामुळे एकाने वाचायचे, दुसऱ्याने दाबायचे. "टू झीरो झीरो झीरो. नेक्स्ट. थ्री ई. नेक्स्ट. झीरो फाइव्ह. नेक्स्ट." ३ई म्हणजे पुढे येणारी संख्या 'ए' रजिस्टरमध्ये घे; ०६ ०३ म्हणजे 'बी'मध्ये तीन घे; ८० म्हणजे दोन्ही मिळव; ३२ ५० २० म्हणजे उत्तर २०५० या पत्त्यावर ठेव. इथे चोखंदळ वाचकाने थबकावे, कारण पत्ता २०५० असताना लिहिला आहे ५० २०: धाकटा भाग आधी, थोरला मागून. इंटेलच्या घराण्याची ही उलटी चाल पहिल्या प्रॅक्टिकलला सगळ्यांना ठेच लावते आणि दुसऱ्या प्रॅक्टिकलपासून अंगवळणी पडते. शेवटी "सेव्हन सिक्स", म्हणजे थांब. मग 'गो', पत्ता, 'एक्झिक्यूट', आणि पट्टीवर उमटतो एकटा 'ई'. नवख्याच्या छातीत धस्स होते, त्याला तो 'एरर'चा ई वाटतो; असतो मात्र तो 'एक्झिक्यूट'चा. शेजारी सांगतो, "मार की रे रिसेट, झालंय ते." उत्तर यंत्र आपण होऊन दाखवीत नाही. आपणच २०५० च्या दारी जाऊन पाहायचे, तर तिथे ०८ शांतपणे बसलेले. या संकोचात मला यंत्राचे शील दिसते: सांगितले तेवढे केले, ठेवायला सांगितले तिथे ठेवले, मिरवले नाही.

वरच्या संवादात सर्वांत जास्त वेळा आलेली कळ 'नेक्स्ट'ची. तिचा वंशवृक्ष पाहण्यासारखा आहे, आणि त्यासाठी आपल्याला अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्कीला जावे लागते. सिलिकॉन व्हॅलीपासून शेकडो मैल दूर, वाळवंटी मुलखातले हे शहर. मुंबई-पुण्याच्या बातम्या कायम एक दिवस उशिरा ऐकलेल्या आपल्या मराठवाड्याला त्याच्याविषयी उगाच आपुलकी वाटावी. हवाई दलातला अभियंता एड रॉबर्ट्स आणि त्याचे सहकारी यांनी १९६९ साली इथे एमआयटीएस नावाची कंपनी काढली, ती खेळण्यातल्या रॉकेटांत बसवायची विद्युत उपकरणे विकण्यासाठी. रॉकेटांत पैसा नव्हता. मग कॅल्क्युलेटरची किट काढली, ती उत्तम खपली. तेवढ्यात चिप बनवणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या बड्या कंपन्या स्वतःच तयार कॅल्क्युलेटर विकू लागल्या, भाव कोसळले, आणि १९७४ पर्यंत रॉबर्ट्स अडीच-तीन लाख डॉलर कर्जात बुडाला. बुडत्याने हात घातला तो इंटेलच्या नव्या ८०८० चिपला. एका चिपची छापील किंमत ३६० डॉलर होती. घाऊक सौद्यात त्याने ती ७५ ला मिळवली आणि चारशे डॉलरांच्या आत संगणकाचे संपूर्ण किट जाहीर केले. तो ऑल्टेअर ८८००.

जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर ऑल्टेअर झळकला. ते छायाचित्र आजही डोळे भरून पाहावे असे आहे, पण पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: ती पेटी रिकामी आहे. एकुलता एक नमुना न्यूयॉर्कला मासिकाकडे पाठवला होता, तो वाटेतच गहाळ झाला. मुदत तर टळणार नव्हती, म्हणून दर्शनी पत्रा, दिवे, खटके जोडून आत काहीही नसलेले खोके कॅमेऱ्यासमोर उभे केले गेले. वैयक्तिक संगणकाच्या युगाचे मंगलाचरण एका पोकळ पेटीने व्हावे, यातला विनोद मला फसवणुकीचा वाटत नाही. वाचकांनी त्या पेटीचे पोट स्वतःच भरले, अक्षरशः. सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन आतले सारे त्यांनीच बसवायचे होते. फेब्रुवारीत हजार मागण्या आल्या आणि ऑगस्टपर्यंत पाच हजारांवर यंत्रे रवाना झाली. दोनशे खपली तरी तरलो असे रॉबर्ट्सचे गणित होते.

आता त्या दर्शनी पत्र्याकडे सावकाश पाहू. ना पडदा, ना कळफलक. वर लाल दिव्यांच्या रांगा, खाली खटक्यांची ओळ: सोळा खटके पत्ता आणि मजकूर लिहिण्यासाठी, वर केला तर एक, खाली केला तर शून्य. त्याखाली आज्ञांचे खटके: 'एक्झॅमिन', 'डिपॉझिट', 'रन', 'सिंगल स्टेप'. आणि 'एक्झॅमिन'चा खटका खाली दाबला की 'एक्झॅमिन नेक्स्ट'. आपल्या किटवरची 'नेक्स्ट' ही त्याचीच वंशज. पण आजोबांची करामत अधिक नजाकतीची होती. किटवर 'नेक्स्ट' दाबले की रॉममध्ये कायम वस्तीला असलेला मॉनिटर प्रोग्रॅम पत्त्यात एक मिळवतो. ऑल्टेअरमध्ये असा घरचा कारभारी कोणी नव्हता. तिथे 'एक्झॅमिन नेक्स्ट' दाबताच दर्शनी पत्र्यामागचे मंडल प्रोसेसरच्या पुढ्यात एक शून्य सरकवायचे, आणि ८०८० च्या भाषेत शून्याचा अर्थ आहे 'काही करू नकोस'. प्रोसेसर ती आज्ञा इमानाने पाळतो, काहीही करीत नाही. पण प्रत्येक आज्ञेनंतर एक पाऊल पुढे टाकण्याचा त्याचा स्वभाव असल्यामुळे नकळत पुढच्या पत्त्यावर जाऊन उभा राहतो, आणि दिव्यांवर तिथला मजकूर उजळतो. नुसते 'एक्झॅमिन' दाबले तर याच युक्तीने त्याला 'अमुक पत्त्यावर उडी मार' असे सांगितले जाई. पाहणे आणि चालवणे यांसाठी वेगळी यंत्रणा उभी न करता चालण्यातूनच पाहणे साधले आहे. खर्च वाचवण्यासाठी केलेली ही तडजोड असेलही. मला मात्र ती सबंध यंत्रातली सर्वांत काव्यमय जागा वाटते.

दुसरी जागा खटक्यांच्या गटांत दडलेली आहे. ऑल्टेअरवर दिवे आणि खटके तीन-तीनच्या गटांत बसवलेले होते, कारण त्याचे वाचन अष्टमान पद्धतीने करायचे. आपले किट चार-चार बिटांचे गट करून षोडशमानात वाचते. चिपचे कूळ एक, भाषा एक, फक्त पदच्छेद वेगळा. आणि पदच्छेद बदलला की अर्थाचे केवढे दालन उघडते पाहा. किटवर ७६ म्हणजे थांब. ऑल्टेअरच्या पुस्तिकेत ०७६ म्हणजे 'ए'मध्ये संख्या घे, आपण ज्याला ३ई म्हणतो तीच आज्ञा. ज्या आकड्यांनी नांदेडचा विद्यार्थी प्रोग्रॅम संपवतो त्याच आकड्यांनी अल्बुकर्कीचा हौशी आपला प्रोग्रॅम सुरू करतो!

आणि थांबण्याची आज्ञा अष्टमानात होते १६६. या तीन आकड्यांत ८०८० चे सारे व्याकरण उकलते. पहिला आकडा एक असेल तर आज्ञा 'हलव' या जातीची. दुसरा आकडा कुठे न्यायचे ते सांगतो, तिसरा कुठून आणायचे ते. रजिस्टरांना क्रमांक दिलेले: बी शून्य, सी एक, डी दोन, ई तीन, एच चार, एल पाच, सहा म्हणजे मेमरीतली जागा, आणि ए सात. १७० वाचताच कळावे: ए मध्ये, बी मधून. षोडशमानात हेच ७८ होते, आणि त्या आठाकडे कितीही टक लावून पाहिले तरी आत दोन वेगळे भाग आहेत याचा सुगावा लागत नाही. आपण ती आज्ञा पाठ करतो, समजून घेत नाही. मग १६६ चा अर्थ काय व्हावा? मेमरीतल्या जागेतून उचल आणि मेमरीतल्या त्याच जागेत ठेव. भरलेला तांब्या उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवण्यासारखे हे निरर्थक काम. रचनाकारांना हे अर्थशून्य घर कोष्टकात सापडले आणि त्यांनी तिथे 'थांब' ही आज्ञा बसवली. वर्षानुवर्षे "सेव्हन सिक्स" म्हणून झाल्यावर ज्या दिवशी ही फोड ध्यानात येते, त्या दिवशी कोष्टकातल्या प्रत्येक चौकोनाकडे संशयाने आणि प्रेमाने पाहावेसे वाटते.

ऑल्टेअरच्या पहिल्या किटमध्ये स्मृती होती २५६ बाइटची. या परिच्छेदातला मजकूरसुद्धा तिच्यात मावणार नाही. एवढ्या जागेत काय करता येते, हे स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या हौशी गृहस्थाने एप्रिल १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे, होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या बैठकीत दाखवले. खटके वर-खाली करत त्याने प्रोग्रॅम भरला आणि ऑल्टेअरवर एक साधा रेडिओ ठेवला. मध्येच कोणाचा तरी पाय अडकून वायर निघाली, स्मृती पुसली गेली, आणि त्याला पहिल्या खटक्यापासून पुन्हा भरणी करावी लागली. भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यातल्या प्रयोगशाळेत बसलेल्या कोणालाही या प्रसंगाचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही. शेवटची आज्ञा भरता भरता पंखा मंदावायचा, लाल अंक विझायचे आणि वीज परतल्यावर पत्त्यापत्त्यावर भलताच मजकूर भेटायचा. डॉम्पियरची दुसरी भरणी पुरी झाली, आणि रेडिओतून बीटल्सच्या एका गाण्याची चाल ऐकू आली. यंत्राला ध्वनीचा अवयवच नव्हता. प्रोसेसर धावताना जो विद्युत गोंगाट करतो तो रेडिओत खरखर म्हणून उतरतो. डॉम्पियरने आवर्तनांची लांबी कमी-जास्त करून त्या खरखरीला सुरात बसवले होते. मीडियम वेव्हवर परभणी केंद्र लावून पावसाळी संध्याकाळी विजेची करकर ऐकलेल्या कानांना या मैफलीची कल्पना बरीच जवळून करता येईल.

पुढचा इतिहास अनेकांना ठाऊक आहे. मासिकाचे ते मुखपृष्ठ पाहून पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांनी ऑल्टेअरसाठी बेसिक भाषा लिहिली, ॲलन ती घेऊन अल्बुकर्कीला गेला, दोन अधिक दोन विचारले, चार आले. मायक्रोसॉफ्टचा जन्म तो हा. मला अधिक रस वाटतो तो ऑल्टेअरच्या पोटातल्या शंभर पिनांच्या जोडपट्टीत. तिचे पिनांचे वाटप काही फार विचाराने केलेले नव्हते. स्वस्तात हाती लागलेल्या शंभर पिनांच्या कनेक्टरांवर जमेल तसे संकेत वाटून दिले होते. तरीही आयएमएसएआयसह कितीतरी प्रतिस्पर्धी कंपन्यांनी हीच मांडणी उचलली, तिला एस-१०० हे नाव पडले आणि १९८३ साली तिचे रीतसर प्रमाणही निघाले. तोवर एमआयटीएस उरली नव्हती. कंपनीने विकलेली ४ केची मेमरी कार्डे बेभरवशाची निघाली, बाहेरच्यांनी चांगली कार्डे काढली, आणि १९७७ साली रॉबर्ट्सने सारा पसारा पर्टेक या कंपनीला विकला. तो जॉर्जियात गेला, आधी शेती केली, मग चाळिशीत वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन १९८६ साली डॉक्टर झाला आणि २०१० साली वारला तोपर्यंत एका छोट्या गावात रोगी तपासत राहिला. धंदा म्हणून पाहिले तर सातआठ वर्षांचा खेळ.

आपल्या किटमधली ८०८५ ही त्या ८०८० ची धाकटी बहीण. ८०८० ला तीन वेगवेगळे दाब लागत: अधिक पाच, उणे पाच आणि अधिक बारा व्होल्ट. ८०८५ एकट्या पाच व्होल्टवर समाधानी, आणि तिच्या नावातला पाच त्याचीच खूण. बाहेरून आलेल्या परीक्षकाचा व्हायव्हातला लाडका प्रश्न, "आठ हजार ऐंशी आणि पंच्याऐंशी यांत फरक काय?", त्याच्या उत्तरातले हे पहिले वाक्य. दुसरे वाक्य आज्ञांविषयीचे, आणि रसिकाने कान द्यावा तो इथे. आठ बिटांत आज्ञांची घरे होतात २५६. ८०८० ने त्यांतली २४४ वापरली, बारा रिकामी सोडली. ८०८५ ने जुन्या मजकुराला कुठेही धक्का लावला नाही. जुनी आज्ञा जुन्याच आकड्याला अर्थ देत राहिली. भर पडली ती २० आणि ३० या दोन रिकाम्या घरांत, 'रिम' आणि 'सिम' या नावांनी. म्हणून संख्या झाली २४६, आणि अमेरिकेतल्या सिरॅक्यूजला शिकवणाऱ्या रमेश गांवकरांच्या १९८४ सालच्या पाठ्यपुस्तकापासून गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे मिळणाऱ्या ऑपकोड शीटपर्यंत सर्वत्र तीच रूढ झाली.

त्याच बारा घरांकडे झायलॉग कंपनीचेही लक्ष होते. तिने १९७६ साली झेड-८० ही चिप काढली, तीही ८०८० चा सारा मजकूर जसाच्या तसा वाचणारी. पण रिकाम्या जागांत तिने आपले वेगळे काही लिहिले. २० या घरात ८०८५ ची 'रिम' व्यत्ययांची विचारपूस करते, तर झेड-८० त्याच घरातून अटीवर छोटी उडी मारते. एका संहितेच्या दोन पोथ्या, समासांत वेगवेगळ्या हातांची भर; पाठभेदांवर जीव टाकणाऱ्या आपल्या संशोधकांच्या हाती हे कोष्टक पडायला हवे होते.

उरलेली दहा घरे ८०८५ ने कोरी ठेवली असे आपल्या शीटवरून वाटते. तसे नाही. इंटेलच्या मूळ चिपमध्ये तीही दहाच्या दहा भरलेली आहेत. कंपनीने त्यांचा उच्चार माहितीपुस्तिकेत केला नाही एवढेच, आणि जिज्ञासू अभियंत्यांनी ती नंतर हुडकून काढली. उदाहरणार्थ ०८. हे घर एचएल या जोडीतून बीसी ही जोडी एका फटक्यात वजा करते; सोळा बिटांची हीच वजाबाकी विद्यार्थी एरवी दोन टप्प्यांत, हातचा सांभाळत करतात आणि त्याबद्दल गुण मिळवतात. विष्णुपुरीत किंवा लातुरात कुणाच्या कपाटात चालू स्थितीतले किट असेल आणि त्यावर इंटेलची ८०८५ए असेल, तर २००० पासून एवढे भरून पाहावे: २१ ०९ ०० ०१ ०४ ०० ०८ २२ ५० २० ७६. मग गो, एक्झिक्यूट, रिसेट, आणि २०५० उघडून पाहायचे. तिथे ०५ असेल. जर्नलात लिहिताना त्या ०८ समोर कोणते नेमोनिक लिहायचे, हे मात्र सरांना विचारून उपयोग नाही; त्यांच्या शीटवरही तो चौकोन कोराच आहे.